पांढऱ्या काविळीची वरात

रक्ताच्या पिशवीवर एक्स्पायरी डेट असते, किश्शांवर नसते. त्यामुळे आमच्या रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये रक्ताचा तुटवडा अधूनमधून होतो, किश्शांचा कधीच होत नाही. शिबिरावरून येताना पिशव्या मागे, किस्से पुढे, अशी गाडी भरून येते. कुणीतरी ते वापरायला हवेत, नाहीतर साचून साचून डोकं जड होतं.

मी शोभा. जळगावच्या एका रक्तपेढीत समुपदेशक आहे. म्हणजे दान केलेलं रक्त तपासलं आणि त्यात काही निघालं, की त्या माणसाला बोलवायचं, चहा पाजायचा आणि न घाबरवता सांगायचं, हे माझं काम. आमचे ड्रायव्हर नाना शिबिरात माझी ओळख करून देतात ती अशी: "डॉक्टर सुईघाई टोचस, ही बाई तोंडघाई टोचस!" म्हणजे डॉक्टर सुईनं, मी तोंडानं.

शिबिराला आम्ही चौघं जातो. नाना धुळ्याकडचे, अहिराणी सोडून दुसरं काही न बोलणारे. डॉक्टर सांगलीचे, अहिराणी सोडून बाकी सगळं समजणारे. टेक्निशियन वैशाली भडगावची. ती माणसाला बोलण्यात इतकी गुंतवते की सुई कधी गेली हे त्याला कळत नाही. आणि चौथी मी.

कुणाचं नाव बाहेर सांगायचं नाही हा आमचा पहिला नियम, म्हणून इथेही दात्यांची नावं नाहीत. वैशालीचा किस्सा मात्र तिनंच सांगायला लावलाय. तिचं ठरलेलं लग्न टिकतंय की मोडतंय या काळजीत आम्ही सगळे कित्येक महिने होतो, त्यामुळे ती मधे मधे येणारच. "सांगा ताई, पण मला रडकी दाखवू नका," एवढीच तिची अट. बरं बाई, नाही दाखवत!

* * *

आमच्याकडे हिपॅटायटिस बी असं कुणी म्हणत नाही. 'पांढरी कावीळ' म्हणतात. डोळे पिवळे होत नाहीत, वर्षानुवर्षं काही दिसत नाही, म्हणून कुणीतरी ठेवलं असेल नाव. ज्यानं ठेवलं तो मला एकदा भेटायला हवा. त्याला मी चहा पाजणार नाही.

शिरपूरकडचा एक कापूसवाला शेतकरी. धडधाकट गडी. शिबिरात रक्त दिलं आणि तपासणीत पांढरी कावीळ निघाली. मी बोलावून समजावलं, की लिव्हर सध्या ठीक आहे, घाबरायचं नाही, सहा-सहा महिन्यांनी तपासणी करायची, घरच्यांना तपासून लस द्यायची. आणि दारू पूर्ण बंद. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, त्यामुळे मला वाटलं समजलं.

तपासणीला परत आला तो निम्मा होऊन! सोबत बायको, रागानं लाल झालेली.

"अहो, काय झालं तुम्हाला?"

"ताई, पथ्य पाळी ऱ्हायनू ना!"

पिवळ्या काविळीला पिवळं चालत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत. हळद नको, तूप नको, डाळ नको. मग पांढऱ्या काविळीला काय चालणार नाही? पांढरं! गड्यानं दूध सोडलं, दही सोडलं, भात सोडला, मुळासुद्धा सोडला. केळ्याशी मात्र तो अडला होता, कारण केळं वरून पिवळं आणि आतून पांढरं. शेवटी त्यानं नुसतं साल खाऊन बघितलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण ऐन वेचणीच्या दिवसांत त्यानं कापसालाही हात लावायचं सोडलं!

"शेतमा बठ्ठं, सगळं पांढरं पांढरं फुटेल शे," बायको म्हणाली, "आनि हाऊ बांधवर पाठ करीसनी बसस!"

मी कपाळाला हात लावला. "अहो, दूध प्या, भात खा, कापूस वेचा! मी एकच गोष्ट सोडायला सांगितली होती. दारू! ती सोडली ना?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मलाच माझी लाज वाटावी.

"ताई, तिले कोठे रंग ऱ्हास?"

* * *

जळगावच्या बाजारातले एक किराणा होलसेलवाले शेठजी. मूळचे राजस्थानचे, पण कित्येक पिढ्या इथेच. त्यांच्या भावाच्या रक्तात पांढरी कावीळ निघाली म्हणून अख्खं कुटुंब लस घ्यायला आलं. तपासण्या झाल्या, सगळे ठीक निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, लसीचे डोस तीन. एक आज, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी.

शेठजींनी बाही वर केली. "तिन्ही आजच देऊन टाका. आम्ही होलसेलवाले, सुट्टं घेत नाही."

डॉक्टर हसले. आमचे डॉक्टर समजावण्यात हुशार. म्हणाले, "शेठजी, लस शरीरात मुरावी लागते. कैरीचं लोणचं बरणीत भरल्या दिवशी मुरतं का?"

शेठजींना हे एकदम पटलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग डॉक्टरसाब, तुम्ही मुरलेलीच द्या ना! ताजी कशाला देता?"

* * *

आता घरचा किस्सा. डॉक्टर नवीन आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे काहींची लस राहिलीय. त्यांनी फर्मान काढलं, की ज्यांची राहिली त्यांनी आधी रक्त तपासायचं आणि मग लस घ्यायची. राहिलेल्यांत नाना होते, आणि नुकतीच नोकरीला लागलेली वैशालीही होती.

नाना गायब! उभा जन्म रक्ताच्या पिशव्या वाहणारा माणूस, पण स्वतःला सुई म्हटली की घाम फुटतो. शोधाशोध केली तर नाना गाडीत. दारं आतून बंद, काचा वर. मे महिना आणि जळगाव. बाहेर कावळासुद्धा उडत नव्हता.

डॉक्टर काचेवर टकटक करून म्हणाले, "नाना, बाहेर या. काही होत नाही!"

आतून आवाज आला, "काही होत नही तर टोचतस कसाले?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. सांगलीच्या कॉलेजात या प्रश्नाचं उत्तर शिकवलेलं नसावं.

शेवटी वैशाली गेली. काचेजवळ उभी राहून मठ्ठ्याचा ग्लास हळूहळू पीत राहिली, बस्स! पाच मिनिटांत दार उघडलं. घामानं निथळणारे नाना बाहेर आले आणि म्हणाले, "चाल, टोच. पन आधी मठ्ठा दे."

नानांचा रिपोर्ट स्वच्छ आला. वैशालीचा पॉझिटिव्ह आला.

किती तरी माणसांना मी हे सांगितलंय. कसं बसायचं, कुठे थांबायचं, कुठला शब्द आधी घ्यायचा, सगळं पाठ. पण आज समोर वैशाली बसलेली. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. तिचा साखरपुडा होऊन थोडेच दिवस झालेले, बोटातली अंगठी अजून नवी. मी नुसती टेबलावरचा पेन इकडून तिकडे करत राहिले.

तिनं बघितलं आणि तीच म्हणाली, "ताई, तुम्ही अशा वेळी आधी चहा मागवता ना? मागवा."

* * *

वैशालीच्या आईचीही तपासणी केली. तिलाही होती, तिला स्वतःला पत्ताच नव्हता. म्हणजे बहुतेक जन्माच्या वेळीच आईकडून आलेली. वैशालीचं लिव्हर उत्तम होतं. नियमित तपासणी, योग्य काळजी, की संसार, नोकरी, मुलंबाळं सगळं होतं. हे आम्ही जगाला सांगतो. पण जग लग्नाच्या बाबतीत आमचं ऐकतंच असं नाही.

वैशाली म्हणाली, "लग्न मोडलं तरी चालेल. पण न सांगता करणार नाही."

मुलगा नितीन, शिरपूरला शाळेत गणिताचा शिक्षक. तिनं त्याला धुळ्याला एका शेवभाजीच्या हॉटेलात बोलावलं. मी आणि नाना शेजारच्या टेबलावर, आम्ही यांना ओळखतच नाही असा चेहरा करून बसलो. हा चेहरा मला जमला. नाना मात्र दर दोन मिनिटांनी मोठ्यानं विचारत होते, "काय म्हनना? काय म्हनना तो?"

वैशाली एका दमात सगळं बोलली. हिपॅटायटिस बी आहे, जन्मापासून असावी, आयुष्यभर तपासण्या कराव्या लागतील, तुला आधी तपासून लस घ्यावी लागेल, नको म्हणालास तरी मी वाईट मानणार नाही. बोलून झालं आणि तिनं मान खाली घातली.

नितीनसमोर ताटात तळलेली मिरची होती, वैशालीनं अर्धी खाऊन ठेवलेली. त्यानं ती उचलली आणि विचार करत करत खाल्ली. थोड्या वेळानं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते बघून वैशालीच्या डोळ्यांत पाणी. ते बघून माझ्या. आणि आम्हा दोघींकडे बघून नानांनी रुमाल काढला.

वेटर घाबरून माझ्या कानाशी आला. "ताई, कोणी वारलं का?"

"मिरची!" नितीनच्या घशातून कसाबसा आवाज आला. "पाणी! पाणी!"

दोन ग्लास पाणी पोटात गेल्यावर त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "लस कुठे टोचतात?"

"दंडात," वैशाली म्हणाली.

"ते माहितीये गं! शिरपूरला टोचतात की जळगावला यावं लागेल?"

आमच्या टेबलावरून, या दोघांना न ओळखणारे नाना ओरडले, "मी गाडी ली येसू ना भो!"

* * *

नितीन पास झाला. आता दोन्ही घरं बाकी होती.

वैशालीची आई, बिचारी, "मन्हामुळे व्हयनं, मन्हामुळे व्हयनं" म्हणून रडायची. तिला किती सांगितलं, की अक्का, तुमचा काय दोष? तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? पण तिला काहीतरी करायचं होतं. तिनं काविळीवर औषध देणारा एक माणूस गाठला आणि थेट आमच्या शिबिरावरच आणला.

त्याची पद्धत अशी. त्यानं वैशालीच्या गळ्यात काविळीची माळ घातली, कसलासा पाला तिच्या हातावर चोळला, मग चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावले. पाणी पिवळं झालं!

"देखा! निघी ऱ्हायनी कावीळ!" तो म्हणाला. आईनं हात जोडले.

डॉक्टर बाही सरसावून पुढे आले. "मलाही चोळा." चोळलं. पाणी पिवळं. मग नाना पुढे सरकले, कारण यात सुई नव्हती. पाणी पिवळं. मी हात घातले, पिवळं. डॉक्टर म्हणाले, "आता तुमचे बुडवा." त्याच्याच हाताला पाला लागलेला, त्यानं बुडवले. सगळ्यांत पिवळं!

आता हा शरमेनं पळणार असं आम्हाला वाटलं. त्यानं पाण्याकडे बघितलं, आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बठ्ठासले शे भो! माळा जास्ती लागतीन!"

* * *

लस घेतल्यापासून नाना स्वतःला अर्धे डॉक्टर समजायला लागले होते. त्यांच्या गावात दाढी करायला बसले की प्रवचन सुरू. पांढरी कावीळ रक्तातून पसरते, एकाचं ब्लेड दुसऱ्याला लावायचं नाही, वगैरे वगैरे.

दाढी करणारा गावचा कारागीर शहाणा निघाला. त्यानं ते मनावर घेतलं. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड उंच धरतो, कागद फाडून दाखवतो आणि विचारतो, "देखं ना? नवं शे ना?" गिऱ्हाईक हो म्हणाल्याशिवाय वस्तरा चालत नाही. नाना अभिमानानं मला दुकान दाखवायला घेऊन गेले.

खरंच, ब्लेड नवं. एका गिऱ्हाइकाची दाढी झाली, जरा कापलं. कारागिरानं तुरटीचा खडा घेतला आणि कापल्या जागेवर घासला. मग तोच खडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या कापल्या जागेवर.

मी म्हटलं, "भाऊ, अहो हा खडा किती जणांना लावता?"

तो छाती फुगवून म्हणाला, "बठ्ठा गावले! मना बापना टाइमना खडा शे!"

आता तो खडा नाही. तुरटीचा चुरा करून वेगळा वेगळा टाकतो. पण त्या दिवशी नानांनी घरी येईपर्यंत आपली हनुवटी सारखी चाचपून पाहिली.

* * *

आणि मग तो दिवस आला. नितीनच्या घरच्यांना सांगायचा. शिरपूरजवळ त्यांचं गाव, तिथे मी वैशालीला घेऊन गेले. ओसरीवर सगळं घर जमलेलं. नितीनचे वडील, आई, काका, काकू, धुळ्याहून मुद्दाम आलेली आत्या, आणि मधोमध खाटेवर आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणतात. घरात शब्द आबांचा चालतो. पण आबांना ऐकू कमी येतं, आणि ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती.

नितीननं आजाराचं नाव आधीच सांगितलेलं, त्यामुळे आत्याबाई तयारीनं आलेल्या. "एका ताटमा जेवनं तर?"

"होत नाही."

"तिना हातना स्वयंपाक?"

"बिनधास्त खा."

"उष्टं पानी? मच्छर? शिंक?"

"काही नाही होत."

"मंग व्हस कसाघाई?" आत्या चिडल्या. काहीच कशानं होत नाही म्हटल्यावर चिडणारच!

मी सांगितलं. रक्तातून. दुसऱ्याला वापरलेली सुई, ब्लेड, गोंदणाची सुई, टूथब्रश, असं. आईकडून बाळाला बाळंतपणात. पण आता गरोदरपणी तपासणी करून गरज पडली तर औषध देतात, आणि बाळाला जन्मल्या जन्मल्या लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन देतात, त्यामुळे बाळ जवळजवळ नेहमी वाचतं. "आणि..." इथे मी आवाज खाली आणला, "नवरा-बायकोच्या संबंधातून. म्हणून नितीनला लस."

"काय?" आबा खाटेवरून म्हणाले.

"संबंधातून, आबा."

"काय म्हनी ऱ्हायनी ती?"

मी आवाज वाढवला. नितीनच्या आईनं पोरांना अंगणात पिटाळलं. आबांनी कानामागे हात धरला. मी आणखी वाढवला. समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. शेवटी मी डोळे मिटले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "नवरा-बायको एकत्र झोपतात ना, आबा, त्यातून!!"

 कुणीतरी खोकलं. वैशालीच्या वतीनं बोलायला आलेली मी, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी उभी.

आबांनी समजल्यासारखी मान हलवली. "मंग असं बोल ना! लाजस कसाले? मना घरमा आठ पोरे काय झाडले लागनात का?"

ओसरी हसून हसून लोळली. आत्या तेवढ्या हसल्या नाहीत. "पोर गुनी शे, मी नही म्हनत नही," त्या म्हणाल्या, "पन मना मन धजत नही." हे त्या आम्ही निघेपर्यंत म्हणत राहिल्या, आणि परतीच्या वाटेवर वैशाली बोटातली अंगठी फिरवत राहिली.

आबांनी मात्र फैसला केला. आधी पोराची लस पूर्ण होऊ दे, मग लग्न.

* * *

मुहूर्त काढायला गुरुजी बोलावले. त्यांनी पंचांग उघडून झकास तारीख काढली. डॉक्टर फोनवर म्हणाले, नाही, तोवर तिसरा डोस व्हायचाय. गुरुजींनी दुसरी काढली. डॉक्टर म्हणाले, तिसरा डोस होईल, पण त्यानंतर रक्त तपासून संरक्षण तयार झालंय का ते बघायचंय.

गुरुजी वैतागले. "तुमचे डॉक्टर कोणतं पंचांग बघतात? आधी ते सांगा, म्हणजे मी जुळवतो."

नितीननं फोनवर आलेलं लसीचं वेळापत्रक त्यांना वाचून दाखवलं. "पहिला डोस शून्य महिना. दुसरा एक महिना. तिसरा सहा महिने."

गुरुजींनी चष्मा काढला. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. मग अत्यंत आदरानं विचारलं, "अधिक मास माहीत आहे, क्षय मास माहीत आहे. हा शून्य मास कोणत्या ऋतूत येतो?"

* * *

नितीननं तिन्ही डोस घेतले. पुढच्या तपासणीत संरक्षण उत्तम निघालं. लग्न ठरलं भडगावला. आम्ही चौघांनी रजा टाकली; म्हणजे तिघांनी टाकली, वैशालीची होतीच.

सकाळी हळद. दोन्हीकडची मंडळी एकाच कार्यालयात. नितीनला हळद लागली, गाणी झाली, आणि मग नवरदेवाची उष्टी हळद वाटीत घेऊन बाया नवरीकडे निघाल्या. वाटी आत्यांच्या हातात. वैशाली पाटावर बसलेली, पिवळ्या साडीत, चेहरा वर करून. महिनोन् महिने मी त्या चेहऱ्यावर काळजी बघितली होती, आज पहिल्यांदा दिसत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

आणि आत्या मधेच थांबल्या.

"थांबा व माय! कावीळमा हळद चालस का?"

गाणं बंद पडलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच की! काविळीच्या माणसाला आपण भाजीतसुद्धा हळद घालत नाही. अंगभर कशी लावायची? कुणी म्हणालं, खायची नसते, लावायला काय? कुणी म्हणालं, लावली की अंगात मुरते. कुणी म्हणालं, हळद राहू द्या, नुसतं तेल लावा. कुणी म्हणालं, हळदीशिवाय लग्न? अपशकुन! कुजबुज मंडपभर पसरली, आणि वैशालीचा वर केलेला चेहरा हळूहळू खाली गेला.

मी पुढे झाले. "अहो, हळदीचा आणि या आजाराचा काही संबंध नाही..."

"ताई, तुम्ही त्या दिनले म्हननात ना, एका ताटमा जेवा, चाली," आत्या म्हणाल्या. "हळदनं म्हननात का?"

नव्हतं म्हटलं! ताट, पाणी, मच्छर, शिंक सगळं सांगितलं होतं, हळद राहून गेली होती! डॉक्टर पुढे आले आणि अस्सल सांगलीच्या मराठीत विषाणू, पेशी, त्वचा असं बोलायला लागले. एकाही बाईला कळलं नाही. वाटी आत्यांच्या हातात तशीच. तिकडे वैशालीच्या आईनं पदर तोंडाला लावला.  एवढं सगळं पार करून आता एका वाटीशी अडणार की काय?

तेवढ्यात काठी टेकत आबा आले. काय झालं ते त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं, म्हणजे बाहेर बँडवाल्यांनाही कळलं.

आबांनी वाटीकडे बघितलं.

"ही हळद कोनी उष्टी शे?"

"नितीननी," आत्या म्हणाल्या.

"नितीनले लस टोचेल शे ना?"

"शे ना. तिन्ही."

आबांनी काठी आपटली.

"मंग हळदलेबी टोचेल शे! लावा बिनधास्त!"

डॉक्टरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आत्यांनी वाटी पाटाशी ठेवली आणि हळदीत दोन्ही हात घातले.